नोटॅमची चाळण

नमस्कार श्रोतेहो. दाबोळीहून किंवा मोपाहून विमान सुटण्याआधी वैमानिकाला नोटॅमचा, म्हणजे विमानतळ आणि हवाई मार्गांवरच्या अडचणी व बदलांच्या सूचनांचा, गठ्ठा वाचावा लागतो. धावपट्टी बंद, दिवे नादुरुस्त, क्रेन उभी, पक्ष्यांचा वावर, सगळं एकाच ठशात, टेलिप्रिंटरच्या जमान्यातल्या संक्षेपांत. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं एक विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं धावपट्टीकडं ये-जा करतात त्या रस्त्यावर, उतरू लागलं. तिथं चार विमानं रांगेत उभी होती. ते जेमतेम ६० फुटांपर्यंत खाली आलं आणि वर उठलं. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना होती, पण २७ पानांच्या पुडक्यात, आठव्या पानावर.

मग चाळणी लावायची कशी? आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या नोटॅमच्या सुरुवातीला क्यू ओळ असते. त्यात पाच अक्षरांचा संकेत: क्यूएमआरएलसी म्हणजे धावपट्टी बंद, क्यूएमएक्सएलसी म्हणजे टॅक्सीवे बंद, क्यूओबीसीई म्हणजे नवा अडथळा उभा. पुढं ती सूचना विमानतळाची की वाटेतली हे सांगणारी अक्षरं, खालची-वरची उंची, मध्यबिंदू आणि सागरी मैलांतली त्रिज्या. संगणक गाळतो तो प्रामुख्यानं या ओळीवर.

गोची इथंच होते. उंची नीट न भरता ०००/९९९, म्हणजे जमिनीपासून थेट वरपर्यंत, अशी ठेवली, की ३६ हजार फुटांवरून जाणाऱ्यालाही जमिनीलगतच्या ड्रोनची सूचना येते. लांबट क्षेत्र गोल वर्तुळात कोंबलं, की त्रिज्या फुगते आणि भलतेच मार्ग त्यात सापडतात. उलट बाजूही आहे: ‘अडथळे नकोत’ असं ठरवून संकेतच गाळला, तर धावपट्टीच्या टोकाजवळची क्रेनही जाते. उड्डाण करताना एक इंजिन बंद पडलं, तर नेमकी तीच सूचना लागते. म्हणून माझ्या मते काहीही पुसून टाकू नये. धावपट्टी, आयएलएस (उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा), अप्रोच (उतरण्याचा ठरलेला मार्ग) आणि इंधन हे वर, वाटेतलं मध्ये, टॅक्सीवेच्या कडेचं गवत कापणं तळाला. आणि गोव्यापुरतं एक पथ्य: दाबोळीला जाणाऱ्यानं मोपाला पर्यायी विमानतळ धरलं असेल, तर त्याच्या सूचना तितक्याच वर हव्यात. दाबोळी नौदलाचा तळ आहे, हेही विसरू नये.

वेळेचा घोळ सर्वांत महागात पडतो. नोटॅममध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपण साडेपाच तास पुढे. समजा, धावपट्टी १८:०० ते २३:३० यूटीसी बंद आहे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा ते पहाटे पाच. तुमचं विमान रात्री ९:४० ला उतरणार, म्हणून चाळणीनं ती सूचना बाजूला सारली. विमान दोन तास उशिरा निघालं, तर ११:४० ला तुम्ही बंद धावपट्टीवर. तारीखही फसवते: १२ तारखेच्या पहाटेचे चार म्हणजे यूटीसीत ११ तारखेचे २२:३०. तेव्हा अपेक्षित वेळेच्या आधी-नंतर काही तासांची मोकळीक ठेवा आणि विलंब कळताच बुलेटिन, म्हणजे गाळलेल्या सूचनांची यादी, नव्यानं काढा. जुन्याला दुरुस्तीची शाई लावू नका. डी रकाना वेगळा तपासा. सुरुवात सांगणाऱ्या बी आणि शेवट सांगणाऱ्या सी रकान्यांत महिनाभराची मुदत दिसते, पण डी मध्ये ‘रोज अमुक ते अमुक’ असं असतं. नुसत्या बी-सीवर गाळणारी प्रणाली दिवसभर उगीच घंटा वाजवते, आणि मग माणूस तिच्याकडं बघेनासा होतो.

शेवटी सी रकान्यातली ‘ईएसटी’ ही तीन अक्षरं. मुदत अंदाजे आहे, असा त्यांचा अर्थ. अशी सूचना रद्द होईपर्यंत किंवा तिच्या जागी दुसरी येईपर्यंत लागूच राहते. लिहिलेली वेळ उलटली म्हणून यंत्रानं ती यादीतून काढली असेल, तर ती परत आत घ्यावी.