'फ्लशेबल' म्हणजे किती मिनिटांत?

नमस्कार. बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेते. टेबलावर तीन बरण्या आहेत, तिन्हींत साधं नळाचं पाणी. पहिलीत टॉयलेट पेपरचे चार तुकडे टाकले. दुसरीत बाळाला पुसायचा ओला वाइप. तिसरीतही वाइपच आहे, पण त्याच्या पाकिटावर ठळक अक्षरांत 'फ्लशेबल', म्हणजे संडासात टाकून फ्लश करता येणारा, असं छापलंय. झाकणं लावली. आता घड्याळात वेळ बघून ठेवा, आणि पुढच्या रांगेतल्या मंडळींनी अधूनमधून उठून या बरण्या हलवत राहा. जोरात नको, हलकेच.

पहिली बरणी बघा, एवढ्यातच कागदाचा लगदा व्हायला लागला. कागदाचे तंतू अगदी आखूड असतात आणि कोरडे असताना एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी मध्ये शिरलं की ते बंध सुटतात आणि तंतू मोकळे होतात. जपानच्या टॉयलेट पेपरच्या मानकात ही वेळ सेकंदांत मोजतात: ढवळत्या पाण्यात शंभर सेकंदांच्या आत कागद सुटला पाहिजे.

वाइपचं गणित मुळातच उलटं आहे. तो पाकिटात महिनोन् महिने ओला राहतो. हातात घेऊन घासला तरी फाटू नये, अशी आपलीच अपेक्षा असते. म्हणून तो कागदासारखा बनवत नाहीत. तंतूंच्या थरावर अतिशय दाबाने पाण्याच्या बारीक धारा सोडतात आणि तंतू एकमेकांत गुंतवतात. विणकाम नाही, गुंता. बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच असतं. ते पाण्यात विरघळण्याचा प्रश्नच येत नाही. फ्लशेबल म्हणून विकतात त्यात लाकडाचा लगदा आणि सेल्युलोजचे आखूड तंतू असतात, गुंता मुद्दाम सैल ठेवलेला असतो. पाकिटात टिकायचं आणि नळीत सुटायचं, अशा दोन टोकांच्या मागण्या एकाच तुकड्याकडून आहेत. हे काम अवघड आहे आणि त्यावर खपणाऱ्या तंत्रज्ञांबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार पाकिटावरच्या शब्दाबद्दल आहे.

'फ्लश झालं' म्हणजे काय झालं? घरातल्या माणसाच्या लेखी ते भांड्यातून दिसेनासं झालं. पण लहान मुलाचा मोजासुद्धा भांड्यातून खाली जातो. आमच्या, म्हणजे मलनिःसारणात काम करणाऱ्यांच्या लेखी गोष्ट तिथे सुरू होते. घराबाहेरच्या नळीत पाणी फार नसतं. वाइप एका फ्लशबरोबर थोडा पुढे सरकतो, थांबतो, पुढच्या फ्लशची वाट बघतो. वाटेत झाडाचं मूळ शिरलेलं असेल, सांधा सरकलेला असेल, तर तिथेच अडकतो. मोठ्या वाहिनीत गाळ खाली बसू नये म्हणून साधारण सेकंदाला 0.6 मीटर वेग धरून नळीचा उतार ठरवतात. वाळू पुढे न्यायला तेवढा वेग पुरतो, गुंतलेलं कापड फाडायला पुरत नाही.

मी पंपिंग स्टेशनवर बरीच वर्षं काढली. वेट वेलमध्ये, म्हणजे सांडपाणी जमतं त्या विहिरीत, पाणी सतत घोळत असतं. त्या घोळात वाइप्स एकमेकांभोवती वळतात, पेंढ्याचा दोर वळावा तसे. आमची माणसं त्याला जटा म्हणायची. ही जट इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, पात्यांत शिरली की आधी अ‍ॅमीटरचा काटा चढायला लागतो, म्हणजे पंप जास्त वीज ओढतो, मग पंपाचा आवाज जड होतो, मग पंप ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. तो साखळीने वर ओढायचा, खोलायचा आणि चाकूने कापून काढायचा. एकदा मी त्या जटेतला एक पदर सोडवून पाण्याखाली धरला होता. वाइपवरची फुलापानांची नक्षी जशीच्या तशी होती. किती दिवस तो त्या पाण्यात होता कोण जाणे. आणि ते कापणारा माणूस मैल्याने माखलेल्या पात्यांमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलेला असतो. हे कुणीतरी करतंय, म्हणून बाकीच्यांना पाकिटावरच्या शब्दाचा विचार करावा लागत नाही.

अमेरिकेत साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन घ्या. ऑक्टोबर 2018 मध्ये तिथल्या प्रक्रिया केंद्राचे पंप गुदमरले. प्रवाह थांबवता येत नव्हता, म्हणून पाणबुडे उतरवावे लागले, कच्च्या मैलापाण्यात, ऐंशी-नव्वद फूट खोल. खाली काही म्हणजे काही दिसत नाही. हातांनी चाचपडत त्यांनी वाइप्सचे गोळेच्या गोळे सोडवले आणि वर पाठवले. पुढे 2021 मध्ये चार्ल्स्टनच्या जलसंस्थेने वाइप्स बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. 2022 मध्ये किंबर्ली-क्लार्कबरोबर तडजोड झाली. मला त्यातली एकच अट महत्त्वाची वाटते: कंपनीचे फ्लशेबल वाइप्स मलनिःसारणवाल्यांनी ठरवलेल्या कसोटीला उतरतील, हे कंपनीने कबूल केलं. तोपर्यंत फ्लशेबल कशाला म्हणायचं हे प्रामुख्याने विकणारेच ठरवत आले होते.

कारण कसोट्या दोन आहेत. नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता गुंतवलेलं, कापड बनवणाऱ्यांच्या दोन संघटना, अमेरिकेतली इंडा आणि युरोपातली एडाना. त्यांनी 2008 पासून मार्गदर्शक तत्त्वं काढली, चौथी आवृत्ती 2018 ची, तिला जीडी-फोर म्हणतात. त्याच 2018 मध्ये जलसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय गटाने, आयडब्ल्यूएसएफजीने, आपली वेगळी कसोटी प्रसिद्ध केली. दोन्हींकडे एक हिंदकळणारी पेटी असते, स्लॉश बॉक्स. पेटीत पाणी आणि वाइप घालायचा, पेटी झोक्यासारखी डावी-उजवीकडे हलवायची आणि मग जाळीवर ओतून किती खाली गेलं ते मोजायचं. उद्योगाच्या कसोटीत पेटी मिनिटाला 26 वेळा हलते आणि तासभर हलते. जलसंस्थांच्या कसोटीत मिनिटाला 18 वेळा आणि फक्त अर्धा तास.

वरवर ही आकड्यांची घासाघीस वाटेल, पण सगळा वाद या आकड्यांतच आहे. तासभर जोराने हलवल्यावर सुटणारा वाइप पहिल्या पेटीत पास होईल. पण घर पंपिंग स्टेशनच्या जवळ असेल तर तोच वाइप तास भरायच्या कितीतरी आधी इम्पेलरपाशी पोचलेला असेल, आणि वाटेत त्याला तेवढे हिसकेही बसलेले नसतील. पेटीतल्या पाण्याने खऱ्या नळीतल्या पाण्याची नक्कल केली पाहिजे. ती नक्कल कुणी ठरवायची? माझं मत स्पष्ट आहे: नळीच्या दुसऱ्या टोकाला ज्यांच्या हातात तो वाइप येतो, त्यांनी. कॅनडातल्या रायरसन विद्यापीठाने 2019 मध्ये 101 वस्तू जलसंस्थांच्या कसोटीवर तपासल्या. त्यांतल्या 23 वस्तूंवर 'फ्लशेबल' छापलेलं होतं. वाइप एकही पास झाला नाही.

आता कंपन्यांची बाजू, आणि ती खोटी नाही. ब्रिटनमध्ये वॉटर यूके या संघटनेने 2017 मध्ये तुंबलेल्या वाहिन्यांतला माल उपसून तपासला. तुंबवणाऱ्या मालात सुमारे 93 टक्के वाइप्स होते, टॉयलेट पेपर एक टक्काही नव्हता. पण त्या वाइप्समध्ये बेबी वाइप्स सर्वांत जास्त होते, म्हणजे जे फ्लश करायचे म्हणून विकलेच जात नाहीत. कंपन्या म्हणतात, आमच्या फ्लशेबल मालाला कशाला बोल लावता? मी म्हणते, माणसाच्या हाताला फरक कळतो का? दोन पाकिटं शेजारी, दोन्ही मऊ, दोन्ही पांढरे, वासही सारखाच. एक चालतं म्हटल्यावर दुसरंही चालतं असाच समज होणार. त्यात खाली तेल-तूप, चरबी आली, वाहिनीतल्या कॅल्शियमशी तिचा साबण झाला, की वाइप्सचा सांगाडा आणि चरबीचं लिंपण. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सापडलेला असा गोळा अडीचशे मीटर लांब आणि 130 टन वजनाचा होता.

कोर्टात मात्र हा समज सिद्ध करणं कठीण जातं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने दोन कंपन्यांवर दावे लावले. पेंटल कंपनीने वाइप टॉयलेट पेपरसारखाच सुटतो असा दावा केला होता, तिला 2018 मध्ये सात लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. किंबर्ली-क्लार्कवरचा दावा 2019 मध्ये फेटाळला गेला, 2020 मध्ये अपीलही फेटाळलं. नेमक्या याच वाइप्सनी नुकसान केलं हे सिद्ध होऊ शकलं नाही. जटेतून पदर सोडवून बघितल्यावर त्यावर कुणाचं नाव सापडणार? याच देशाने न्यूझीलंडबरोबर 2022 मध्ये फ्लशेबल वस्तूंचं संयुक्त मानक आणलं. ते ऐच्छिक आहे, पण 'फ्लशेबल' शब्दाला लेखी अर्थ मिळाला.

ब्रिटनचा अनुभव यापुढचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. वॉटर यूकेने जानेवारी 2019 मध्ये 'फाइन टू फ्लश' हे चिन्ह सुरू केलं. कसोटी कडक, तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेत. कंपन्यांनी मेहनत घेऊन त्यात बसणारे वाइप्स बनवले. मार्च 2024 मध्ये वॉटर यूकेनेच ते चिन्ह बंद केलं. लोकांना एकच सरळ गोष्ट सांगायची होती: वाइप कुठलाही असो, तो कचऱ्याच्या डब्यात टाका. ज्यांनी प्रामाणिकपणे माल सुधारला त्यांच्यावर अन्याय झाला असं मला तेव्हा वाटलं. आजही थोडं वाटतं. तरी निर्णय बरोबर होता असं मी म्हणेन. एका चिन्हाने हजार पाकिटांना परवाना मिळत असेल, तर ते चिन्ह कितीही खरं असलं तरी नळीला ते परवडत नाही.

म्हणून मला मानकांइतकाच दुसरा मार्ग महत्त्वाचा वाटतो: जे फ्लश करायचं नाही त्यावर तसं ठळक लिहायचं, आणि कायद्याने लिहायला लावायचं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2020 मध्ये असा कायदा केला, कॅलिफोर्नियाचा जुलै 2022 पासून लागू झाला. युरोपीय संघात जुलै 2021 पासून प्लास्टिक असलेल्या वाइप्सच्या पाकिटावर ठराविक खूण सक्तीची आहे. सूचना पाकिटाच्या मागे, शिवणीखाली, बारीक अक्षरांत टाकायची सोय कायद्याने बंद केली पाहिजे. ती समोर हवी, आणि वाइप काढताना बोट जिथे जातं तिथे हवी.

किती मिनिटं झाली? पंधरा. पहिल्या बरणीत आता पांढरट पाणी आहे, बाकी काही नाही. दुसरीतला वाइप मी चिमट्याने उचलते. पिळला. हा बघा, यानं अजून हे टेबल पुसता येईल. तिसऱ्याच्या कडा विरल्या आहेत, एक कोपरा सुटून तरंगतोय, मधला भाग मात्र अखंड आहे. त्याचा निकाल आत्ता देणं बरोबर नाही, जलसंस्थांच्या हिशेबाने त्याला अजून पंधरा मिनिटं आहेत. तोवर आपण प्रश्न घेऊ. ताई, तुम्ही बरणी हलवत राहा. जाळी आणि हातमोजे मी आणले आहेत. वेळ भरली की इथेच ओतून बघू.