आधी वंशावळ, मग जनुक

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय 'मधुमेहाची जनुकं आणि ज्याचे त्याचे उपचार'. त्याकडे मी येणारच आहे. पण एक गोष्ट गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात घोळतेय, आणि ती ऐकून घ्यायला एवढी माणसं एका जागी क्वचित मिळतात. म्हणून सुरुवात तिथून करतो.

तुमच्यापैकी ज्यांची शुगर निघालेली आहे त्यांनी घरी गेल्यावर आपली फाइल काढा आणि पहिलं पान बघा. वय, वजन, रक्तदाब, आणि त्याखाली कुठेतरी 'एफएच' अशी दोन अक्षरं. म्हणजे घरातल्या आजारांचा इतिहास. त्यापुढे अधिकचं चिन्ह, आणि संपलं. घरात मधुमेह आहे एवढंच त्यातून कळतं. कुणाला आहे? आईला की वडिलांना? कितव्या वर्षी निघाला? तेव्हा तो माणूस अंगानं भरलेला होता की काटकुळा? वीस वर्षं अर्ध्या गोळीवर राहिला, की वर्षभरात इन्सुलिनवर गेला? यातलं काहीही त्या चिन्हात मावत नाही. मला त्या अधिकच्या चिन्हाचा मनापासून राग आहे. दोन-तीन मिनिटांत एक पेशंट बघावा लागणाऱ्या डॉक्टरची अडचण मला ठाऊक आहे, मीही त्याच गर्दीत बसतो. तरीही राग आहे.

आपल्याला वंशावळ नवीन नाही. जातीच्या दाखल्यासाठी आपण खापरपणजोबापर्यंतची नावं काढतो, तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र करून देतो. पण त्या वंशावळीत मुली नसतात. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. आत्या कुठे दिली, मावशीला मुलं किती, आजीच्या माहेरी कोण होतं, हे कागदावर येतच नाही. जनुकं मात्र आईकडून निम्मी येतात. त्यामुळे दवाखान्यात 'घरात कुणाला आहे का?' असं विचारलं की माणूस वडील, काका, आजोबा एवढ्यांचाच विचार करतो आणि म्हणतो, 'आमच्याकडे कुणालाच नाही.' मामाकडचं वेगळं विचारावं लागतं. आणि सून पेशंट असेल तर सासूबाईंना बाहेर बसवून विचारावं लागतं.

दुसरी अडचण अशी की 'मधुमेह आहे का?' याला आपल्याकडे 'हो' असं उत्तर फार कमी मिळतं. 'बॉर्डरवर आहे' असं मिळतं. 'गोळी चालू होती, आता बंद केली' असं मिळतं. आणि मागच्या पिढीचं तर आजाराच्या नावानं काही कळतच नाही. आजोबांना शुगर नव्हती, पण त्यांचा पाय कापला होता. आजीची नजर पन्नाशीतच गेली होती. म्हणून मी आजाराचं नाव सोडून देतो आणि विचारतो, कोण कशानं गेलं, किती वयाचं होतं, शेवटी शेवटी काय त्रास होता.

आता ती हकीकत सांगतो. सांगली जिल्ह्यातली एक मुलगी, एकोणीस वर्षांची. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. पंधराव्या वर्षी तिची शुगर निघाली. एका मोठ्या रुग्णालयात नेलं. वय लहान, अंगानं बारीक, तेव्हा टाइप 1, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवायचं थांबवतं तो मधुमेह, असं ठरलं आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन सुरू झालं. त्या वेळी ते चूक नव्हतं. कोवळ्या वयात शंका असेल तर इन्सुलिनच द्यावं, टाइप 1 मध्ये त्याच्यावाचून जीव जातो. माझी तक्रार पुढची आहे. चार वर्षांत त्या मुलीची फाइल दोन बोटं जाड झाली, आणि तीत आईच्या बाजूची एक ओळ नव्हती. एफएच, अधिक. एवढंच.

मुलगी माझ्याकडे आली ती शुगर सारखी खाली जाते म्हणून. कॉलेजात दोनदा चक्कर येऊन पडली होती. इन्सुलिन कमी कमी करत नेलं तरी शुगर म्हणावी तशी चढेना. टाइप 1 ला चार वर्षं झाल्यावर असं सहसा होत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, 'मला आहे, पण थोडी आहे.' कधीपासून? 'हिच्या वेळी निघाली.' म्हणजे सव्विसाव्या वर्षी, गरोदरपणात. आणि माहेरी? तिनं दाराकडे बघितलं. दारात तिच्या सासूबाई उभ्या होत्या. 'माहेरी कुणाला नाही,' ती म्हणाली.

सोबत मुलीच्या आईची मावशी आली होती, सत्तरीच्या पुढची. नंबर लावून ठेवायला तीच पहाटे येऊन बसली होती. तिला मी नंतर आत बोलावलं, चहा मागवला आणि कागदावर चौकोन-गोल काढायला लागलो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, आजार असेल तर आतून काळं, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याच्याकडे बाण. म्हातारी म्हणाली, 'हे काय, पोरांचं चित्र काढताय का?' म्हटलं, 'मावशी, तुमच्या घरची माणसं मांडतोय. तुम्ही फक्त सांगा.' आणि तिनं असं सांगायला सुरुवात केली की मला कागदाला कागद जोडावा लागला. मुलीच्या आईचे वडील काडीसारखे बारीक, पन्नाशीत पाय कापला. त्यांच्या मोरीत कायम मुंग्या असायच्या. त्यांची एक बहीण पहिल्याच बाळंतपणात गेली. एक भाऊ तिशीत शुगर निघाल्यावर 'एका बारक्या गोळीवर' पंच्याहत्तर वर्षांचा होऊन गेला. त्या बारक्या गोळीवर मी थांबलो. तिला नाव आठवेना, पण जेवायला उशीर झाला की त्यांना घाम सुटायचा, हात कापायचे, मग गूळ खायला द्यायचे, हे तिला लख्ख आठवत होतं.

कागद पूर्ण झाल्यावर तीन पिढ्यांत काळे चौकोन-गोल सरळ खाली उतरलेले दिसले. एकही पिढी सुटलेली नाही, सगळे बारीक, सगळ्यांना तिशीच्या आत किंवा आसपास. पुढचं काम रक्ताचं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय का हे सी-पेप्टाइडवरून कळतं. चार वर्षांनंतरही ते भरपूर होतं. टाइप 1 मध्ये शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटतं आणि त्याच्या खुणा अँटिबॉडीच्या रूपात सापडतात, त्या नव्हत्या. तेव्हा कुठे जनुकाची तपासणी मागवली. एचएनएफ1ए या जनुकात बिघाड निघाला. या प्रकाराला मोडी (MODY) म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. यात आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. मूत्रपिंडं साखर लवकर सोडून देतात, रक्तातली साखर फारशी चढण्याआधीच लघवीत येते. मोरीतल्या मुंग्या कदाचित म्हणूनच. आणि या माणसांना सल्फोनिलयुरिया जातीची जुनी, स्वस्त गोळी अगदी थोड्या मात्रेतही जोरात लागू पडते. 2003 मध्येच हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. ती मुलगी आता त्याच जातीच्या ग्लिक्लाझाइडच्या छोट्या गोळीवर आहे. इन्सुलिन आमच्या नजरेखाली, रोज शुगर तपासत बंद केलं. आईचीही गोळी बदलली. सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. त्या बाईंचा मला फार आदर वाटतो, कारण नंतर त्यांनीच नातीच्या मामेभावंडांना तपासणीसाठी पाठवलं.

असे लोक थोडे आहेत हे मान्य. एकूण मधुमेहींमध्ये शंभरात एक-दोन असा अंदाज धरतात. पण इंडियाब या देशव्यापी पाहणीचा 2023 चा आकडा भारतात 10 कोटी 10 लाख मधुमेही असा आहे. त्यातला एक टक्का किती होतो, बघा.

हे शास्त्र ज्यांच्यामुळे दवाखान्यापर्यंत पोहोचलं त्यातला मोठा वाटा इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या गटाचा. अँड्र्यू हॅटर्सली हे डॉक्टर आणि शान एलर्ड या जनुकतज्ज्ञ. जन्मल्यावर सहा महिन्यांच्या आत ज्या बाळांना मधुमेह होतो, त्यांनाही पूर्वी टाइप 1 म्हणत. 2004 साली या गटानं दाखवलं की त्यातल्या बऱ्याच बाळांत केसीएनजे11 या जनुकात बिघाड असतो. बीटा पेशीवर पोटॅशियमचं एक दार असतं. साखर आली की ते मिटतं आणि मग इन्सुलिन बाहेर पडतं. या बाळांत दार मिटतच नाही. इन्सुलिन आत तयार आहे, पण बाहेर येत नाही. आणि सल्फोनिलयुरियाची गोळी नेमकं तेच दार दुसऱ्या बाजूनं मिटवते. 2006 मध्ये त्यांनी 49 पेशंटांना गोळी देऊन पाहिली. त्यातल्या 44 जणांचं इन्सुलिन सुटलं. जन्मापासून सुया घेणारी मुलं ती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही सांगताना येतो. अशा बाळांची तपासणी एक्सेटरमध्ये जगातल्या कुठल्याही देशासाठी मोफत होते. तुमच्या ओळखीत, नात्यात सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेलं मूल असेल, आणि ते आता वीस वर्षांचं असलं तरी, त्याच्या डॉक्टरांना हे जरूर सांगा.

थोडं विषयांतर होतंय, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. लग्नाच्या बायोडाटात उंची, रंग, गोत्र, रास, नाडी, सगळं असतं. आजार लपवला जातो, आणि मुलीचा जास्त लपवला जातो. त्या मुलीच्या आईनं सव्वीस ते पंचेचाळीस आपली शुगर 'थोडी' म्हणून झाकली, त्यामागे तीच भीती होती. आमच्याकडे वंशावळ काढायला बसलेल्या बायका मधेच थांबतात आणि विचारतात, 'हे कुठं दाखवणार नाही ना?' नाही दाखवणार. पण एक सांगतो. गोपनीयतेची हमी दिल्याशिवाय कुठल्याही संशोधकानं चौकोन-गोल काढायला बसू नये. आणि पत्रिकेतल्या नाडीवरून जेवढं भांडतो त्याच्या निम्मी चौकशी या गोष्टीची मोकळेपणानं केली, तर अर्धी लपवाछपवी संपेल.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरलीत म्हणतायत. बरं, मूळ विषय पटपट घेतो.

मोडी म्हणजे एका जनुकाचा आजार. बाकी बहुतेकांचा टाइप 2 हा शेकडो जनुकांच्या छोट्या छोट्या वाट्याचा, त्यात खाणंपिणं, वजन, आणि आईच्या पोटातलं पोषणही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण आपली बाळं हातापायांनी काटकुळी असली तरी त्वचेखालची चरबी त्यांनी राखलेली. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. खाली तळटीप अशी की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे मिटणारी लिफ्ट गाठायला धावणं. हसा, पण आपला वजनकाटा आपल्याला पूर्ण सांगत नाही, हे त्या दोन फोटोंइतकं कुणी पटवलेलं नाही.

पुढे. 2018 साली स्वीडनमध्ये लैफ ग्रूप आणि एम्मा आल्क्विस्ट या संशोधकांच्या गटानं मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचे पाच गट पाडले. पुण्यात केईएम आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटानं तरुण वयात टाइप 2 झालेल्यांवर तीच पद्धत लावली. आपल्याकडे सगळ्यात मोठा गट निघाला तो इन्सुलिनच कमी बनवणाऱ्यांचा. स्वीडनमध्ये तसं नाही. म्हणजे लठ्ठपणा धरून लिहिलेली पाश्चात्त्य पथ्यं आणि औषधांचा क्रम आपल्या बारीक तरुणाला तसाच्या तसा लावणं बरोबर नाही. टीसीएफ7एल2 या टाइप 2 च्या जनुकाचा संबंध पुण्यातल्या पेशंटांत 2007 मध्ये दिसला, तो युरोपाशी जुळला. एफटीओ या वजनाशी जोडलेल्या जनुकाचा पूर्ण जुळला नाही. युरोपात तो वजनाच्या वाटेनं मधुमेहाकडे जातो, आपल्याकडे वजन वजा केलं तरी थोडा उरतो.

टाइप 1 की 2 हे ठरवायला एक्सेटरच्या गटानं जनुकांची गुणपत्रिका केली, म्हणजे धोक्याच्या जनुकांना गुण देऊन त्यांची बेरीज. पुण्याच्या पेशंटांवर ती 2020 मध्ये तपासली. चालते, पण युरोपइतकी नेमकी नाही, कारण ती युरोपीय रक्तावर बेतलेली आहे. 2016 च्या मोजणीत जगभरच्या अशा जनुक-अभ्यासांतले 81 टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. म्हणून बाजारात थुंकी पाठवून 'तुमचा मधुमेहाचा धोका' सांगणारे किट मिळतात, त्यावर आजच्या घडीला पैसे घालू नका.

आणि ज्याचा त्याचा उपचार म्हणजे दरवेळी जनुकच लागतं असंही नाही. एक्सेटरच्याच ट्रायमास्टर चाचणीत एकाच पेशंटला तीन वेगवेगळ्या गोळ्या आळीपाळीनं दिल्या. लठ्ठ असलेल्यांना पायोग्लिटाझोन सिटाग्लिप्टिनपेक्षा बरी लागू पडली. मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेल्यांना कॅनाग्लिफ्लोझिनपेक्षा सिटाग्लिप्टिन. त्यासाठी लागलं काय? वजन आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची साधी रक्ततपासणी. हे तालुक्याच्या दवाखान्यातही होतं.

कुपोषणातून येणारा मधुमेह 1985 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मानला, 1999 मध्ये यादीतून काढला. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला टाइप 5 म्हणून पुन्हा जागा दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या गटाचं त्यात मोठं काम आहे. यावर वेगळं व्याख्यान लागेल.

मागच्या टेबलावर कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. चौकोन-गोलाच्या खुणा फळ्यावर काढून ठेवतो. घरी जाऊन भरा, आईकडची बाजू धरून. प्रत्येक माणसापुढे तीन गोष्टी लिहा: कितव्या वर्षी निघाली, तेव्हा अंगानं कसा होता, औषध कुठलं आणि इन्सुलिन कधी लागलं. तिशीच्या आत निघालेले, बारीक, आणि सलग दोन-तीन पिढ्या, असं दिसलं तर कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि सी-पेप्टाइड व अँटिबॉडीबद्दल विचारा. वर्षानुवर्षं बॉर्डरवरच असलेले, उपाशीपोटी 100 ते 145 च्या मध्ये आणि पुढे न सरकणारे असे घरात बरेच असतील तर तेही सांगा. तो जीसीके नावाचा दुसरा मोडी असू शकतो, त्याला एरवी गोळीही लागत नाही, फक्त गरोदरपणात लक्ष ठेवावं लागतं. आणि हे ऐकून आज रात्री कुणीही इन्सुलिनचा एकही डोस स्वतःच्या मनानं चुकवायचा नाही. आधी तपासण्या, मग डॉक्टर सांगतील तसं.

आता प्रश्न विचारा. तिसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत, पहिला त्यांचा.