थाळीफेकपटूची मान

(दृश्य: नागपूरच्या धरमपेठेतला दिवाणखाना. टीव्हीशेजारी थाळीफेकपटूची ब्राँझची मूर्ती.)

उंची जेमतेम वीतभर. रोज फडकं फिरून खांदा आणि गुडघा पिवळाधमक झालाय, बरगड्यांच्या खाचांत मात्र काळपट रंग अजून टिकून आहे.

मूळ मूर्ती मायरन या ग्रीक शिल्पकाराची, इ.स.पू. 450 च्या आसपासची. तीही ब्राँझचीच होती, पण आज ती नाही. ब्राँझ वितळवलं की त्याची नाणी होतात, शस्त्रं होतात. ग्रीकांचे बहुतेक पुतळे असेच भट्टीत गेले. जे पाण्यात बुडालं किंवा मातीत गाडलं गेलं, त्यातलं काही वाचलं. आपल्याकडे रामटेकजवळच्या हमलापुरीला निघालेल्या वाकाटककालीन बुद्धमूर्ती अशाच वाचल्या. त्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या, म्हणजे आपल्या अजब बंगल्याच्या संग्रहातल्या.

थाळीफेकपटू उरला तो रोमन लोकांनी संगमरवरात करवून घेतलेल्या प्रतींमुळे. पण दगडाला एवढा भार घोट्यावर पेलत नाही, म्हणून पायाशी झाडाचा बुंधा कोरावा लागला. पुढे ब्राँझमध्ये प्रती निघाल्या तेव्हा कित्येकांनी तो बुंधाही इमानेइतबारे ओतला! या मूर्तीच्या कारागिरानं तो गाळलाय. चांगलं केलं.

(जवळून: मान.)

आता मान बघा. 1781 मध्ये रोममध्ये सापडलेल्या प्रतीत खेळाडू मागे वळून हातातल्या थाळीकडे बघतो. 1791 मध्ये रोमजवळच्या तिवोलीला दुसरी प्रत मिळाली, तिचं डोकं दुरुस्ती करताना भलतीकडेच बसवलं गेलं. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावरून ज्या प्रती निघाल्या, त्या साऱ्यांची नजर जमिनीकडे. धरमपेठेतला हा गडीही त्याच वंशातला.

साचा काही चूक-बरोबर बघत नाही. मूर्तीवरून रबराचा साचा घेतात, त्यात मेणाचा पातळ थर देतात, त्या मेणावर आतून-बाहेरून लेप चढवतात. भट्टीत मेण निघून जातं आणि त्या जागी हजार अंशांहून जास्त तापलेला ब्राँझचा रस ओततात. मग छिन्नी, कानस, आणि शेवटी रसायनं लावून, आच देऊन रंग.

घ्यायचीच असेल तर मूर्ती आधी उलटी करा, आत पोकळ आहे का बघा. टिचकी मारा. नाद आला नाही, हातात हलकी लागली, तर ते बहुधा ब्राँझचा रंग दिलेलं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. मानेचं काय ते नंतर ठरवा.