तट नसलेला किल्ला

नमस्कार श्रोतेहो. किल्ला म्हटलं की आपल्याला तट, बुरूज आणि दिंडी दरवाजा दिसू लागतो. आज ज्या किल्ल्याची गोष्ट सांगणार आहे, तो लष्कराच्या ताब्यात गेला आणि त्यानंतर वाढलेल्या छावणीला तट असा कधी बांधलाच गेला नाही. त्याचं नाव फोर्ट लॅरामी. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात नॉर्थ प्लॅट आणि लॅरामी या नद्यांच्या संगमाजवळ तो आहे.

गंमत म्हणजे तट होता, तो दुकानाला! 1834 साली सबलेट आणि कॅम्पबेल या दोघा व्यापाऱ्यांनी इथे लाकडी कोटाची वखार घातली. धंदा बीव्हर या नदीकाठच्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांचा. पुढे साहेबलोक बीव्हरच्या टोप्या सोडून रेशमी टोप्या घालू लागले, बीव्हरही संपत आले, आणि बायसन या गव्यासारख्या मोठ्या रानटी जनावराच्या केसाळ कातड्यांचा व्यापार सुरू झाला. ती कातडी कमावण्याचं कष्टाचं काम तिथल्या लाकोटा या आदिवासींच्या बायकांचं. मोबदल्यात मिळायचं कापड, मणी, सुऱ्या, बंदुकीची दारू, आणि चोरून पिण्याची दारूही. हा व्यवहार काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण व्यापाऱ्याला लाकोटांची गरज होती, म्हणून तो सांभाळून वागे.

मग ऑरेगन-कॅलिफोर्नियाकडे बैलगाड्यांचे तांडे निघाले. त्यांच्या जनावरांनी वाटेवरचं गवत संपवलं, बायसन दूर गेले. 1849 मध्ये सरकारने ही वखार लष्करासाठी चार हजार डॉलरला विकत घेतली. 1851 मध्ये सरकारने आदिवासींशी तह करायचं ठरवलं, त्यासाठी सुमारे दहा हजार आदिवासी जमले. एवढ्या घोड्यांना चारा पुरेना, म्हणून बैठक पन्नासेक किलोमीटर दूर हॉर्स क्रीकला न्यावी लागली. तहाला नाव मात्र लॅरामीचंच. मुलखातून वाट दिल्याबद्दल आदिवासींना 50 वर्षं वार्षिक भरपाई द्यायचं ठरलं होतं. अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहाने त्याची 10 वर्षं करून टाकली.

आणि 1854 च्या ऑगस्टमध्ये एका गाईवरून ठिणगी पडली. तांड्यातली एक गाय भरकटत लाकोटांच्या तळावर गेली आणि तिथे आलेल्या एका पाहुण्याने ती मारली. मुखिया कॉन्करिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता. तहाप्रमाणे असला तंटा सरकारी एजंटाने मिटवायचा, लष्कराने नव्हे. पण नवखा लेफ्टनंट ग्रॅटन 29 सैनिक, दोन तोफा आणि दारू प्यालेला दुभाष्या घेऊन तळावर थडकला. गोळीबारात मुखिया प्राणघातक जखमी झाला. ग्रॅटनच्या तुकडीतलं कुणीच वाचलं नाही. पुढच्याच वर्षी लष्कराने सूड उगवला.

लाकोटांचा मुखिया रेड क्लाउड याने मात्र लष्कराला त्यांच्या मुलखातून सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवरचे किल्ले सोडायला लावले आणि मगच 1868 च्या तहावर सही केली. त्या तहाने ब्लॅक हिल्स या टेकड्या लाकोटांकडे राहिल्या. 1874 मध्ये तिथे सोनं सापडलं, आणि 1877 मध्ये सरकारने त्या काढूनही घेतल्या.

किल्ला 1890 मध्ये रिकामा झाला, इमारती लिलावात गेल्या. ब्लॅक हिल्सचा दावा मात्र चालूच राहिला. 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. ती रक्कम लाकोटांनी आजवर उचललेली नाही. त्यांची मागणी जमिनीची आहे.