पाडवा आणि निकाल यांच्यामधले दिवस

महाविद्यालयात जाण्याआधी काही काळ काम करावे का, हा प्रश्न बारावी झालेल्या मुलामुलींपुढे असतो. मार्चमध्ये बारावीची परीक्षा संपते आणि निकालाला अजून अवकाश असतो. नेमका याच सुमारास गुढीपाडवा येतो. विदर्भातल्या गावांत सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचे, साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत मोजले जाते. त्यामुळे ज्या घराने मुलाच्या सालावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, त्या घराचा निर्णय गुणपत्रिका हाती येण्याआधीच होऊन गेलेला असतो. जूनच्या आसपास महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात, तेव्हा हा मुलगा पेरणीच्या तिफणीमागे चालत असतो आणि उचल फिटेपर्यंत त्याला साल मोडता येत नाही. ‘औंदा काम करू, पुढच्या साली शिकू’ असे घरात बोलले जाते. ते खोटे नसते. पण पुढचा पाडवाही प्रवेशाच्या आधीच येतो.

म्हणून महाविद्यालयाआधी काम करावे का, याचे उत्तर ते काम कोणते आणि किती दिवसांचे, यावर ठरते. गडचिरोली-गोंदियाकडचा तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यात थोडेच आठवडे चालतो, आणि मजुरी वेळेवर मिळाली तर प्रवेशाच्या खर्चाला तिचा आधार होतो. फवारणीचे मात्र तसे नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक जीव गेले. अशा कामाला ‘अनुभव’ म्हणणे आम्हाला पटत नाही.

तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात वर्षभर काम करणारा मुलगा वेगळेच काही शिकतो. उधारीची वही, बियाण्याचे लॉट क्रमांक, बोंडअळी आल्यावर घाबरून आलेला शेतकरी हे सारे तो जवळून पाहतो. कृषी किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयाचे शिक्षण नसेल तर कीटकनाशक विक्रीचा नवा परवाना आपल्या नावावर होणार नाही, हेही त्याला तिथेच कळते. पदवी कशासाठी हवी, हे त्याला मग कोणी वर्गात समजावून सांगावे लागत नाही.

2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना महिन्याला 6,000 रुपये विद्यावेतन ठरले. मुदत आधी 6 महिने होती, नंतर ती 11 महिने झाली. शिक्षण चालू असणाऱ्यांना मात्र ही योजना लागू नाही, आणि मुदतीनंतर नोकरीची हमीही नाही. शिवाय वर्षभर थांबून अभियांत्रिकी किंवा कृषी पदवीला जायचे असेल, तर सीईटी ही प्रवेश परीक्षा पुन्हा द्यावी लागते, कारण तिचे गुण त्याच वर्षापुरते चालतात. दिवसभर काम करून रात्री भौतिकशास्त्र उघडणे किती जणांना जमते, हे ज्याने केले त्यालाच विचारावे.

मुलींचा हिशेब निराळा आहे. 2024-25 पासून इतर मागासवर्गासह ठरावीक प्रवर्गांतील, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे. उरतो तो खोलीचा, मेसचा आणि एसटीचा खर्च. कापूस वेचणीच्या किलोकिलोने जमवलेली मजुरी त्यासाठी बाजूला ठेवली जाते का, की ती भावाच्या फीमध्ये आणि घरच्या किराण्यात जाते, हे बहुधा त्या मुलीला विचारलेच जात नाही. आणि वर्षभर ती घरी थांबली, तर तोवर स्थळे येऊ लागलेली असतात.