पहिल्या ओळीत काय लिहायचं?

[दृश्य : किंग्ज सर्कल स्टेशनातून बाहेर पडणारी मुलं. पाठीवर सॅक, काहींच्या हातात ड्रॉइंग शीटची गुंडाळी. कॅमेरा त्यांच्या मागोमाग व्हीजेटीआय या माटुंग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकापर्यंत.]

निवेदन :

मुंबईत इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म घेऊन उभं राहायचे दिवस कधीच सरले. आता सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कक्षाच्या, संकेतस्थळावर एकच ऑप्शन फॉर्म भरायचा. कॉलेज आणि शाखा, अशा जोड्या एकाखाली एक लिहीत जायचं. जास्तीत जास्त ३००. निबंध नाही, मुलाखत नाही, कुणाची शिफारस नाही. तुमचा गुणवत्ता क्रमांक, तुमचा प्रवर्ग आणि तुम्ही लिहिलेला क्रम, एवढ्यावर पुढची चार वर्षं ठरतात.

यातलं पहिलं परीक्षेच्या दिवशीच हातातून सुटतं. दुसरं जन्मानं ठरलेलं. तिसरं मात्र फॉर्म कन्फर्म करेपर्यंत तुमच्या हातात असतं, आणि नेमका त्याच ठिकाणी घोळ होतो.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर निकाल. आकडा धूसर.]

आधी पर्सेंटाइलचा गैरसमज काढून टाकू. पीसीएम गटाच्या सीईटीत १५० प्रश्न, २०० गुण. गणिताच्या प्रश्नाला दोन, भौतिक आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नाला एक. चुकलं तर गुण कापत नाहीत. परीक्षा बऱ्याच सत्रांत होते, काही पेपर सोपे निघतात, काही अवघड, म्हणून नुसते गुण न धरता पर्सेंटाइल काढतात. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के नव्हेत. शंभरातली ९५ मुलं तुमच्या मागे, एवढाच त्याचा अर्थ. पेढे वाटायला हरकत नाही, पण चार लाख मुलं परीक्षेला बसली असं धरलं, तर या मुलाच्या पुढे अजून २०,००० जण आहेत. प्रवेशाला कामाचा असतो तो गुणवत्ता यादीतला क्रमांक. गेल्या वर्षीच्या कटऑफशी, म्हणजे शेवटचा प्रवेश ज्या क्रमांकावर थांबला त्याच्याशी, ताडून बघायचं तर तोच बघावा.

[दृश्य : डोंबिवलीतली एक खोली. टेबलावर लॅपटॉप, वही, चहाचे कप. चेहरे दिसत नाहीत, हात दिसतात.]

डोंबिवलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणू. असं घर दर जुलैत हजारो ठिकाणी असतं, म्हणून नाव नको. मुलीचा निकाल चांगला, पण फार चांगला नाही. लॅपटॉपवर कटऑफची पीडीएफ उघडलेली. बाबा म्हणतात, "उगाच व्हीजेटीआय कशाला लिहायचं? आपल्या पर्सेंटाइलला जे मिळतं, ते वर टाक. नाहीतर तेही जायचं हातचं." मुलगी म्हणते, "बाबा, क्लासचे सर उलटं सांगत होते." आई विचारते, "अगं, पण तुला स्वतःला काय हवंय?"

बाबांची भीती खोटी नाही, पण इथे ती गैरलागू आहे. संगणक काय करतो, ते पाहा. गुणवत्ता यादीत सगळ्यांत वरच्या मुलाला तो आधी घेतो. त्याच्या पहिल्या ओळीतली जागा रिकामी आहे का? असेल तर दिली. नसेल तर दुसरी ओळ, मग तिसरी. मग पुढचा मुलगा. या मुलीची पाळी आली की तिची यादीही वरून खाली अशीच वाचली जाते. व्हीजेटीआय पहिल्या ओळीत असलं आणि तिथली जागा संपलेली असली, तर संगणक खाली सरकतो. खालच्या कॉलेजला ही मुलगी 'पहिल्या पसंतीची' आहे की 'अकराव्या', हे ठाऊक नसतं आणि त्याला त्याचं देणंघेणंही नसतं. तिच्यापेक्षा खालच्या क्रमांकाच्या एखाद्या मुलानं तेच कॉलेज पहिल्या ओळीत लिहिलं, म्हणून त्याला ते तिच्या आधी मिळत नाही.

म्हणजे वर अवघड कॉलेजं लिहिल्यानं काहीच गमावत नाही. उलट, जी हवी असलेली जागा लिहिलीच नाही, ती मिळण्याची शक्यता मात्र नक्की शून्य.

[दृश्य : पडद्यावर ऑप्शन फॉर्मची नक्कल. पहिल्या ओळी एकेक करून ठळक होतात.]

मग धोका कशात आहे? ऑटो फ्रीजमध्ये, म्हणजे मिळालेली जागा आपोआप पक्की होण्यात. २०२५च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या ओळीतली जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागे. दुसऱ्या फेरीत हे बंधन पहिल्या तीन ओळींवर गेलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांवर. त्याखालची जागा मिळाली तर ती हातात ठेवून, बेटरमेंटचा पर्याय घेऊन पुढच्या फेरीत वरच्या जागेची वाट बघता येत होती. पण बंधनातली जागा नाकारली, तर कॅपच्या, म्हणजे या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. नियम दर वर्षी माहितीपुस्तिकेत नव्यानं येतात, त्यामुळे आकडे त्या वर्षीच्या पुस्तिकेतूनच घ्यायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवरून नाही.

थोडक्यात, वरच्या सहा ओळींत 'बघू मिळालं तर' असं काहीही लिहायचं नाही. मिळालं की जावं लागतं.

[दृश्य : माटुंगा. व्हीजेटीआयची जुनी दगडी इमारत, मग जवळच्याच आयसीटीचं आवार.]

आणि इथेच मुंबईचा जुना वाद येतो. व्हीजेटीआयचं टेक्स्टाइल की उपनगरातलं कॉम्प्युटर?

व्हीजेटीआय ही संस्था १८८७ची. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावानं भायखळ्याला सुरू झाली, १९२३ साली माटुंग्याला आली, १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचं नाव. गिरण्या जोरात होत्या तेव्हा कापडाचं तंत्र शिकवणं हे या संस्थेचं मोठं काम होतं. गिरण्या गेल्या, टेक्स्टाइल शाखा राहिली. पलीकडे रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आयसीटी, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेलं यूडीसीटी, २००८ पासून अभिमत विद्यापीठ. मुकेश अंबानी इथलेच केमिकल इंजिनिअर. केमिकलची खरी आवड असलेल्या मुलानं आयसीटी खाली ढकलून कुठलंतरी कॉम्प्युटर वर लिहावं, हे आम्हाला तरी पटत नाही.

टेक्स्टाइलचं काय? नावासाठी शाखा घ्यायची आणि 'दुसऱ्या वर्षी शाखा बदलून घेऊ' म्हणायचं, हा बेत बऱ्याच घरांत शिजतो. शाखाबदल वरच्या जागा रिकाम्या झाल्या तरच होतो, आणि त्या रिकाम्या जागांवर पहिल्या वर्षाच्या सगळ्या टॉपर्सचा डोळा असतो. ज्याला धागा, कापड, तंतू यांत रस आहे त्यानं बेलाशक जावं, तिथली पदवी हलकी नाही. पण कॉम्प्युटर हवं असताना केवळ व्हीजेटीआय म्हणून टेक्स्टाइल तिसऱ्या ओळीत लिहिलं, आणि दुसऱ्या फेरीत नेमकं तेच लागलं, तर चौथ्या ओळीतल्या कॉम्प्युटरकडे संगणक बघतही नाही. चूक संगणकाची नाही. त्याला जे लिहून दिलं, तेच त्यानं केलं.

[दृश्य : अंधेरी पश्चिम, भवन्सचं आवार. एकाच फाटकातून आत जाणारी मुलं पुढे दोन वेगळ्या इमारतींकडे वळतात.]

नावांचाही घोटाळा होतो. अंधेरीत भारतीय विद्या भवनच्या एकाच आवारात दोन 'सरदार पटेल' आहेत. एसपीसीई १९६२चं, अनुदानित, ओळख सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलसाठी. एसपीआयटी नंतरचं, विनाअनुदानित, ओळख कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या शाखांसाठी. शुल्क वेगळं, कटऑफ वेगळा, ऑप्शन फॉर्ममध्ये लिहायचा चॉइस कोड वेगळा. मावशी 'सरदार पटेल छान आहे हो' म्हणते तेव्हा कुठलं, ते मावशीलाही विचारून घ्यावं लागतं.

विलेपार्ल्याचं द्वारकादास संघवी, वांद्र्याचं थडोमल शहानी, चेंबूरचं व्हीईएसआयटी ही नावंही प्रत्येक यादीत असतात. कटऑफच्या पीडीएफमध्ये यांच्या तक्त्यावर आणखी एक गोष्ट वाचायची असते. ही अल्पसंख्याक संस्थांची कॉलेजं आहेत. संघवी गुजराती भाषिक, शहानी आणि व्हीईएसआयटी सिंधी भाषिक. त्या त्या समाजासाठी ५१ टक्के जागा वेगळ्या. मराठी घरातल्या मुलानं एकूण जागांचा आकडा पाहून खूश होण्याआधी आपल्या वाट्याच्या किती, ते मोजावं.

[दृश्य : कटऑफ तक्त्याचा जवळून घेतलेला शॉट. अक्षरांवर पेन फिरतो.]

त्या तक्त्यातली अक्षरं एकदा कळली की अर्धं काम होतं. सुरुवातीला जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर त्याबाहेरचे, एस असेल तर राज्य पातळी. डोंबिवलीच्या आपल्या मुलीनं स्वतःचा कटऑफ बघायचा तो एलच्या रकान्यात, आणि जीच्याही. कित्येक मुली फक्त जी बघून कॉलेज यादीतून काढून टाकतात.

होम युनिव्हर्सिटी मात्र भल्याभल्यांना फसवते. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. जिथे ही विभागणी लागू असते, तिथे ७० टक्के जागा होमच्या, ३० टक्के बाहेरच्या. आणि होम ठरतं ते घराच्या पत्त्यावरून नव्हे, तर बारावी कुठून उत्तीर्ण झालात त्यावरून. घर दादरला, पण अकरावी-बारावी लातूरला केली, तर हा मुलगा मुंबईच्या कॉलेजांसाठी बाहेरचा. लातूरला पाठवताना हे फार कमी पालक विचारतात.

[दृश्य : सकाळचं डोंबिवली स्टेशन. फास्ट लोकल. मग घाटकोपरचा मेट्रोचा जिना.]

प्रवासाचा प्रश्न मुंबईत शेवटी विचारतात, तो आधी विचारायला हवा. डोंबिवलीहून विद्याविहारला सोमय्या कॉलेज गाठायचं तर फास्टनं घाटकोपर आणि तिथून एक स्टेशन स्लो. माटुंग्यालाही फास्ट थांबत नाही. अंधेरीला जायचं तर घाटकोपरहून मेट्रो. २०१४ साली ही मेट्रो आली आणि मध्य रेल्वेवरच्या मुलांना अंधेरीची कॉलेजं एकदम आवाक्यात आली. त्याआधी दादरला लाइन बदलण्यात जीव जायचा. फॉर्म भरण्याआधी एकदा, गर्दीच्या वेळी, त्या कॉलेजपर्यंत जाऊन यावं. रविवारी दुपारी नाही. प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळी सातच्या कल्याण गाडीत चढता येतं का, हे पहिल्या वर्षी कटऑफपेक्षा जास्त जाणवतं.

[दृश्य : सेतू केंद्राबाहेरची रांग. हातात फाइली.]

पैशाचं. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, मंजूर जागांवर ५ टक्के जादा. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. गंमत अशी की या जागांचा चॉइस कोड स्वतंत्र असतो, शेवटी टी. तो ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा लिहिला नाही, तर पात्र असूनही जागा मिळत नाही. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. हे कळल्यावर आपल्या डोंबिवलीच्या घरातली यादी बदलू शकते. 'महाग म्हणून नको' असं ठरवलेलं कॉलेज पुन्हा वर येऊ शकतं.

मात्र त्यासाठी कागद हवेत. नॉन क्रिमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. बारावीच्या परीक्षेनंतर सुट्टीतच हे उरकणारी घरं शहाणी. जुलैत सेतूच्या रांगेत उभं राहून सर्व्हर डाऊनची पाटी वाचण्यात अर्थ नाही.

[दृश्य : पवई, आयआयटी मुंबईचं मुख्य फाटक. बाहेरूनच.]

ज्यांनी जेईईही दिली आहे, त्यांची जोसाची, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाची, प्रक्रिया वेगळी चालते. कॅपशी तिचा थेट संबंध नाही, पण परिणाम होतो. वरच्या क्रमांकाची मुलं आयआयटीला, एनआयटीला निघून गेली की इथल्या जागा मोकळ्या होतात. म्हणून पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून खचायचं नाही, शेवटच्या फेरीचाही शेजारी ठेवून बघायचा. दुसरं असं, की २०२४ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक संस्थेनं शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटरच्या जागा बऱ्याच कॉलेजांनी वाढवल्या. जुने कटऑफ म्हणूनच अंदाजापुरते. वाढीव तुकडीला प्राध्यापक आणि लॅब आहेत का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावं. उत्तर देताना कॉलेजवाले किती वेळ घेतात, त्यावरूनही बरंच कळतं.

[दृश्य : एका कॉलेजच्या नोटीस बोर्डावर रिक्त जागांची यादी.]

फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा आणि संस्था पातळीवरच्या जागा कॉलेजं स्वतः भरतात. त्यासाठी प्रत्येक कॉलेजच्या सूचनेवर लक्ष ठेवून वेगळा अर्ज करावा लागतो. संस्था पातळीवर प्रवेश घेतला तर मुलींची ती शुल्कमाफी लागू होत नाही, हे अर्ज करण्याआधी समजून घ्यावं. आणि ऑफिसात कुणी दार लोटून हळूच देणगीची भाषा काढली, तर महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फीच्या विरोधात कायदा आहे, हे बाबांना पाठ असलेलं बरं.