आंबा विरतो, कोकम उरतं

(दृश्य: लाकडी फळीवर चार छोटे पेले. एक फिकट पिवळा, एक गढूळ नारिंगी, एक काळा, एक कोकमी लाल.)

बिअर महोत्सवात गढूळ नारिंगी पेल्याकडे हात सगळ्यात आधी जातो. टॅपवर, म्हणजे बिअरच्या नळावर, पाटी असते, ‘हापूस एल’. एल हा बिअरचा एक प्रकार. पहिला घोट घेतला की माणूस पाटीकडे पुन्हा एकदा बघतो. आंबा कुठाय? वास आहे, कोयीला चिकटलेल्या गराचा, थोडासा चिकाचा. पण जिभेवर गोडवा नाही. शेजारच्या लाल पेल्यात कोकम आहे आणि ते मात्र पहिल्याच घोटात ओळखू येतं.

ब्रुअरनं, म्हणजे बिअर बनवणाऱ्यानं, आंब्यात हात आखडता घेतला, असं नसतं. हिशेब करून बघा. टाकीत ५०० लिटर गव्हाची बिअर आहे, ४.८ टक्के अल्कोहोलची. तिच्यात ७५ किलो हापूसचा रस गेला, म्हणजे लिटरमागे १५० ग्रॅम. डबाबंद रसात साधारण १६ टक्के साखर धरली तर टाकीत १२ किलो साखर आली. यीस्ट चार-पाच दिवसांत तिचा फडशा पाडतं. त्या साखरेचं अल्कोहोल होतं आणि रसासकट ५७० लिटर झालेली ती बिअर साडेपाच टक्क्यांच्या पुढे सरकते. आंब्याचं म्हणाल तर रंग उरतो, थोडी आंबटी उरते आणि थोडा वास. वासही सगळा नाही, कारण आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातला बराचसा सोबत घेऊन जातो. आपल्या जिभेला आमरसाची जी ओळख आहे, तिच्यात साखरेचा वाटा फार मोठा. ती काढून घेतल्यावर हापूस हापूस राहत नाही.

आंबट फळाचं तसं होत नाही. यीस्ट साखर खातं, आम्ल बहुतांशी तसंच सोडतं. म्हणून जगातल्या नावाजलेल्या फळांच्या बिअर आंबट फळांच्या आहेत. ब्रसेल्समध्ये १९०० साली सुरू झालेल्या काँतियाँ ब्रुअरीत आंबट चेरी लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम या हिशेबानं लाकडी पिंपांत पडतात, तीही बियांसकट. काही महिन्यांनी ही चेरीची बिअर, ‘क्रीक’, बाटलीत भरतात तेव्हा साखरेचा मागमूस नसतो. चेरी मात्र पूर्ण असते, आणि मागून बियांचा हलका बदामी वास.

(दृश्य: जर्मनी. लाइपझिगमधली लांब, अरुंद मानेची जुनी बाटली.)

कोकमासाठी जी बिअर वापरतात तिचं नाव गोझा. गोस्लार गावात जन्मली, लाइपझिगमध्ये वाढली. गहू, आंबटपणा, धने आणि मीठ. बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानात बिअरला फक्त जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) आणि पाणी एवढीच मुभा होती. ज्या देशात त्या फर्मानाचा एवढा मान, त्याच देशात ही धने-मिठाची बिअर प्रादेशिक खासियत म्हणून टिकली. लाइपझिगच्या जुन्या बाटलीला बूच नसायचं. बिअर आंबत असताना यीस्टचा फेस मानेत चढायचा आणि तिथेच वाळून झाकण व्हायचा. १९६६ साली तिथली शेवटची गोझा ब्रुअरी बंद पडली. १९८६ मध्ये एका जुन्या पानगृहानं गोझा पुन्हा सुरू केली. आजही लाइपझिगकर गोझात शहाजिऱ्याच्या चवीचं मद्य घालून पितात आणि त्या पेयाला ‘छत्री’ म्हणतात.

आंबट, खारट, धने, वर शहाजिऱ्याची झाक. कोकमाचं सरबत करणाऱ्या घराला यात नवल वाटण्यासारखं काय आहे?

(दृश्य: मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटी ब्रुअरी. चाळणीच्या टाकीत गव्हाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला गहू, वर भाताचं तूस पडतं आहे.)

२००९ मध्ये पुण्यात डूलालीनं राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली. अशा ठिकाणी ५०० लिटरचा घाणा नेहमीचा. त्या मापाची कोकम गोझा अशी करतात.

साधारण १०० किलो धान्य, निम्मा गव्हाचा माल्ट, निम्मा जवाचा. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे चाळणीवर धान्याचा चिखल होतो आणि गाळणं ठप्प होतं. म्हणून चार-पाच किलो भाताचं तूस मिसळायचं. ते चव देत नाही, फक्त वाट मोकळी ठेवतं. ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर, मग गाळून दहा मिनिटं उकळी. इथपर्यंत हॉप्सचं नाव काढायचं नाही. हॉप्सचा कडवटपणा पुढच्या कामाच्या जिवाणूंना चालत नाही.

मग ३५ अंशांच्या आसपास थंड करून लॅक्टोबॅसिलस घालायचे. दह्यातल्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. त्याआधी थोडं लॅक्टिक आम्ल घालून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.५ वर आणलेला बरा, म्हणजे नको ते पाहुणे शिरत नाहीत आणि पुढे फेसही टिकतो. वर कार्बन डायऑक्साइडचा थर देऊन झाकण बंद. एक ते दोन दिवस. साधी गोझा असेल तर पीएच ३.२ ते ३.४ पर्यंत उतरू देतात. कोकमाची असेल तर ३.५ लाच थांबायचं. कोकम स्वतःची आंबटी घेऊन येणार आहे, तिला जागा ठेवावी लागते. नव्या ब्रुअरचं हमखास इथेच चुकतं. आधीच दात आंबवणारी बिअर करतात, वर कोकम घालतात, आणि मग दुसरा घोट कुणी घेत नाही.

हाच टप्पा सगळ्यात धोक्याचाही. कोमट, गोड, हॉप्स नसलेलं द्रव म्हणजे कुठल्याही जंतूला आमंत्रणच. झाकण सैल राहिलं, तापमान घसरलं किंवा आंबायला फार वेळ लागला, तर ओकारीसारखा किंवा कुजक्या चीजसारखा वास धरतो. कोकम घालून तो झाकता येत नाही. घाणा ओतून द्यायचा.

आंबटपणा जमला की पुन्हा उकळी, म्हणजे जिवाणूंचं काम संपलं. हॉप्स नावापुरते. शेवटच्या दहा मिनिटांत भरड कुटलेले धने, ४०० ते ५०० ग्रॅम. धने भाजायचे नाहीत. भाजले की लिंबासारखा ताजा वास जातो आणि बिअरला मसालेभाताची आठवण येते. आपले लांबट धने या कामाला उत्तम. मीठ लिटरमागे १ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्धा किलो, आयोडीन नसलेलं. मीठ जिभेला वेगळं कळता कामा नये, नुसती तोंडाला धार यावी.

मग १८ ते २० अंशांना यीस्ट. आंबट पाण्यात त्याला धाप लागते, म्हणून नेहमीपेक्षा जास्त आणि जोमदार घालतात. कोकम येतं ते मुख्य आंबवण उरकल्यावर.

(दृश्य: तळहातावर आमसुलं. शेजारी फोडलेला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, आत पांढरा गर आणि बिया.)

कोकम कुठल्या रूपात घालायचं, यावर बरंच काही ठरतं. आगळ सोयीचं दिसतं, पण त्यात टिकण्यासाठी भरपूर मीठ घातलेलं असतं. आधी अर्धा किलो मीठ टाकून वर आगळ ओतलं, तर पेल्यात दर्याचं पाणी. आगळ वापरायचंच असेल तर वेगळं मीठ घालायचं नाही. ताजा रातांबा एप्रिल-मेमध्ये मिळतो आणि त्याचा रंग देखणा असतो, पण बिया वेचून काढाव्या लागतात. त्यांच्यात चरबी आहे, कोकम तेल निघतं ते त्यांच्यातूनच, आणि चरबी म्हणजे फेसाचा काळ. बिनमिठाची किंवा कमी मिठाची आमसुलं सगळ्यात बिनघोर. लिटरमागे ५ ते १० ग्रॅमपासून सुरुवात करायची. आमसुलं ७० ते ७५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवून तो अर्क थंड करून टाकीत घालतात. उकळायचं नाही. फार तापवलं की लाल रंग विटकरी होऊ लागतो.

टाकीत घालण्याआधी शंभर-शंभर मिलीच्या पाच पेल्यांत वेगवेगळं प्रमाण करून चाखायचं. एका बागेचं आमसूल दुसऱ्या बागेसारखं आंबट नसतं, त्यामुळे वजनकाट्यापेक्षा इथे जिभेवर भरवसा ठेवलेला बरा.

(दृश्य: पुन्हा महोत्सव. नारिंगी पेल्यावर कॅमेरा स्थिर.)

मग काही आंबा बिअर गोड कशा लागतात? कधी त्यात लॅक्टोज असतं, दुधातली साखर, जी बिअरच्या यीस्टला पचत नाही. दूध न सोसणाऱ्यांनी हे टॅपवर विचारून घ्यावं. कधी रस अगदी शेवटी, थंड बिअरमध्ये घातलेला असतो. चवीला हा प्रकार खरा, पण तो केग, म्हणजे बिअरचं पिंप, कायम थंड राहिला पाहिजे. उन्हात राहिला तर यीस्ट जागं होतं, उरलेली साखर खाऊ लागतं आणि दाब वाढतो. कॅनमध्ये हेच झालं तर कॅन फुगतो, फुटतोही. आणि कधी सरळ इसेन्स असतो. ओळखायला सोपा. वास पेला नाकाशी न्यायच्या आधीच अंगावर येतो, घोटात काही सापडत नाही, आणि गिळल्यावर लिमलेटची गोळी चघळल्यासारखं वाटतं.

गढूळपणावरून मात्र ब्रुअरला नावं ठेवू नका. फळ तापवलं की त्यातलं पेक्टिन सुटतं, जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळेच. पेक्टिन तोडणारं एन्झाइम घातलं तर बिअर निवळते, नाही घातलं तर धूसर राहते. दोन्ही चालतं. टॅपमधून रेशे येत असतील तर ते नाही चालत. तिथे गाळणी चुकली आहे, आणि थोड्या वेळानं तो टॅप तुंबणार आहे.

(दृश्य: बर्फाच्या पेटीत स्टीलच्या नळीची वेटोळी. टॅपमधून नुसता फेस.)

महोत्सवातल्या बिअरचं निम्मं नशीब या पेटीत ठरतं. केग तीन-चार अंशांवर असायला हवा. ट्रकमध्ये हिंदकळून आलेला आणि उन्हात तासभर उभा राहिलेला केग फेसच देणार. शहाणे ब्रुअर केग आदल्या दिवशी आणून थंडीत ठेवतात. टॅपवर पेल्यामागे पेला फेस ओतून टाकला जात असेल, तर दुसऱ्या रांगेत उभं राहा. बिअर वाईट नसेल, पण तुमच्या हातात येईपर्यंत तिच्यातला वायू गेलेला असेल.

आता पिण्याकडे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९८२ साली सुमारे ८०० माणसांपुढे ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल भरला. पुढे तो डेन्व्हरला गेला आणि अवाढव्य झाला. तिथलं चाखण्याचं माप १ औंस, म्हणजे जेमतेम ३० मिली. लोक गळ्यात खाऱ्या प्रेट्झेलची माळ घालून फिरतात, आणि कुणाच्या हातून पेला निसटला की अख्खं सभागृह आरोळी ठोकतं.

आरोळी सोडा, माप घेण्यासारखं आहे. ३० मिलीचे वीस पेले म्हणजे ६०० मिली, आपल्याकडच्या मोठ्या बाटलीपेक्षा थोडं कमी. पेला १०० मिलीचा असेल तर वीस पेल्यांचे दोन लिटर होतात, आणि सातव्या-आठव्या पेल्यानंतर चव कळते हा निव्वळ गैरसमज. अर्धा पेला ओतायला सांगता येतं. उरलेलं ओतून देण्यासाठी बादली असते, ती वापरण्यात कमीपणा नाही.

क्रम चुकला तर चांगली बिअरही वाया जाते. आधी फिकट लागर आणि गव्हाची, मग गोझा आणि फळांच्या आंबट बिअर, मग आयपीए नावाची हॉप्सची कडवट बिअर, मग काळ्या, शेवटी जड अल्कोहोलच्या. मिरची बिअर कुठल्याही परिस्थितीत सगळ्यात शेवटी. मिरचीचा तिखटपणा अल्कोहोलमध्ये छान विरघळतो, वायूमुळे आणखी झोंबतो, आणि नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत जिभेला हापूस काय, ऊसही कळत नाही.

मध्ये तोंड साफ करायला पाणी आणि साधे चुरमुरे किंवा फुटाणे. चकली-शेव नंतर. तिखटानं जीभ बधिरते आणि ओठाला लागलेल्या तेलानं पेल्यातला फेस बसतो. लिपस्टिकनंही तेच होतं. पेला फार गार असेल तर दोन मिनिटं तळहातात धरा. बर्फगार बिअरला वास नसतो, आणि फळाची बिअर तर निम्मी वासावरच आहे.

दोष ओळखायलाही महोत्सवासारखी शाळा नाही. सिनेमागृहातल्या मक्याच्या लाह्यांसारखा लोण्याचा वास आला तर यीस्टला शेवटी पुरेसा वेळ दिलेला नाही, किंवा टॅपची नळी अस्वच्छ आहे. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे हवा लागून बिअर शिळी झाली. दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास आला तर पाण्यातलं क्लोरीन काढायचं राहिलं, आणि नळाचं पाणी वापरणाऱ्या शहरात हे व्हायला वेळ लागत नाही.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. येताना गाडी चालवायचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा. ५०० लिटरचा जो घाणा सांगितला, तो परवानाधारक ब्रुअरीचा आहे. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात तो करायला कायदा परवानगी देत नाही.

(दृश्य: टॅपवरच्या पाट्या. ‘हापूस एल’. शेजारी ‘कोकम गोझा’. खाली तारीख, जानेवारी.)

टॅपमागच्या माणसाला एकच प्रश्न विचारा, फळ कधी आणि कुठल्या रूपात घातलं? जानेवारीत हापूस एल दिसली तर रस डब्यातला किंवा गोठवलेला आहे, आणि प्रामाणिक ब्रुअर तसं सांगतो. ताज्या आंब्याची हवी असेल तर मे-जूनमध्ये त्याच्या टॅपरूमला जा आणि लाकडी फळीवर दोन्ही पेले शेजारी मागवा. कोकमाला मुहूर्त लागत नाही, आमसूल बाराही महिने बरणीत असतंच.